बाजार उठला, पुतळे उभे राहिले

अमेरिकेतील टेक्सास राज्यात फोर्ट वर्थ नावाचे शहर आहे. हे शहर जनावरांच्या कारोबारावर वाढले. आज तेथे त्या कारोबाराची आठवण म्हणून भित्तिचित्रे आहेत, पुतळे आहेत. व्यापारी बांधवांनी त्यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे.

१९०२ मध्ये स्विफ्ट आणि आर्मर या दोन बड्या मांस कंपन्या तेथे आल्या आणि बाजाराला बरकत आली. पशुपालक रेल्वेने माल पाठवीत. आडते तो उतरवून घेत, चारापाणी करीत, गिऱ्हाईक पाहून सौदा करीत आणि आपली आडत कापून रक्कम देत. पहिल्या महायुद्धात घोडे व खेचरे घेण्यासाठी युरोपातील फौजांचे अधिकारी येथे आले. १९४४ साली गुरे, मेंढ्या, डुकरे मिळून ५२ लाखांहून अधिक जनावरे या आवारात आली.

मग रस्ते पक्के झाले, ट्रक आले. गावाजवळच लिलाव होऊ लागल्यावर शहरापर्यंतचे भाडे कोण भरणार? आर्मरचा कारखाना १९६२ मध्ये व स्विफ्टचा १९७१ मध्ये बंद पडला. १९८६ मध्ये विक्री अवघ्या ५७ हजारांवर आली.

नेमक्या याच पडत्या काळात कला आली. १९८५ मध्ये रिचर्ड हास यांनी शहरातील एका जुन्या इमारतीच्या भिंतीवर चिझम वाटेने जाणारे गुरांचे कळप रंगविले. १९८७ मध्ये बिल पिकेट या कृष्णवर्णी गुराख्याचा कांस्यपुतळा बाजार-आवारात बसला. बैलाची शिंगे धरून त्याला लोळविण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गोऱ्यांच्या स्पर्धांत ज्याला रंगामुळे अडविले जाई, त्याला हा मान मिळाला, ही मोठी गोष्ट आहे.

तरीही या दोन्ही कामांत मंडी दिसत नाही. बैल आहे, स्वार आहे. पण आडत्या, बोली पुकारणारा, काटा धरणारा, गोठा झाडणारा कोठे आहे? शहर तर त्यांच्याही मेहनतीवर उभे राहिले. सुदैवाने आडत्यांच्या कचेऱ्यांची १९०२ सालची इमारत शाबूत राहिली आणि तेथे बाजाराचे संग्रहालय झाले.

पुतळा बाजार उठल्यावरही उभारता येतो. वह्या, काटे आणि कारागिरांची नावे मात्र बाजार चालू असतानाच जपावी लागतात. आपल्या पेठांनी एवढा धडा घेतला तरी पुष्कळ झाले.