पुलाखालून गेलेला कुत्रा

'चेंज द व्हॉइस' हा प्रश्न म्हणजे शाळेत हमखास मार्क देणारा. कर्माला उचलून पुढे आणायचं, मध्ये 'वॉज' घालायचं, कर्त्याला 'बाय'मागे उभं करायचं, झालं! जणू दोन्ही वाक्यं म्हणजे एकच शर्ट, कधी सुलटा तर कधी उलटा घातलेला.

पण १९५७ साली भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने या समजुतीला सुरुंग लावला. खोलीतल्या प्रत्येकाला निदान दोन भाषा येतात, असं कर्तरी इंग्रजीत म्हटलं तर तुमच्या दोन वेगळ्या, माझ्या दोन वेगळ्या, असं खुशाल चालतं. तेच कर्मणी केलं, दोन भाषांना वाक्याच्या तोंडाशी आणलं, की त्याच ठरावीक दोन भाषा सगळ्यांना येतात असा अर्थ वर येऊ लागतो. शब्द जवळपास तेच, पण एक वाक्य खरं आणि दुसरं खोटं असू शकतं!

मग इंग्रजी माणूस निवड कशी करतो? गोष्ट कोणाची चाललीय, ते बघून. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा बातमीला साजेसं वाक्य होतं 'केनेडी हॅज बीन शॉट'. मारेकऱ्याचं नाव अजून कळलेलं नव्हतं, आणि ऐकणाऱ्याचा जीव केनेडींत अडकलेला होता. 'समबडी शॉट केनेडी' म्हटलं असतं, तर मानाची जागा कुणा अनोळख्याला गेली असती. पुढचं वाक्यही सहज येतं: 'ही वॉज टेकन टू द हॉस्पिटल'. कोणी नेलं, हे कोणी विचारत नाही. शाळेत ज्या 'बाय'वाचून मार्क कापले जातात, तो प्रत्यक्ष इंग्रजीतल्या बहुतेक कर्मणी वाक्यांत नसतोच.

आता माझा लाडका नमुना. 'दिस बेड हॅज बीन स्लेप्ट इन'. झोपणे अकर्मक, पलंग त्याचं कर्म कुठून होणार? पण इंग्रजी त्यालाही कर्त्याच्या जागी बसवते आणि बिचारा 'इन' शेवटी एकटाच लोंबकळत राहतो. मराठीत आपण 'पलंगावर' म्हणणार. पलंगाला इतका मान देण्याची आपली तयारी नाही. म्हणजे इंग्रजीत काहीही चालतं? छे. 'द ब्रिज वॉज वॉक्ड अंडर बाय द डॉग' ऐकून इंग्रजी कान टवकारतो, नाराज होतो. कुत्र्याच्या जागी 'जनरेशन्स ऑफ लव्हर्स' घाला, की तेच वाक्य गोड लागतं! एक कुत्रा खालून गेला म्हणून पुलाचं काय बदललं? पण प्रेमिकांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, तर त्या पुलाची ओळखच पालटते. शाळेतला प्रयोगाचा तक्ता पाठ करून हे कसं कळायचं?

एवढ्या गुणी रचनेला बदनाम मात्र खूप केलं गेलं. कर्तरी जमत असेल तिथे कर्मणी नको, असं लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४६ च्या प्रसिद्ध निबंधात बजावलं. त्या निबंधाच्या पहिल्याच वाक्यात कर्मणी रचना आहे! त्याचा संशय अगदीच निराधार नव्हता. १९८७ मध्ये इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर बोलताना अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी 'मिस्टेक्स वेअर मेड' म्हटलं, आणि चुका करणारा त्या वाक्यात कुठे दिसलाच नाही. पण 'मिस्टेक्स हॅपन्ड' हे शुद्ध कर्तरी वाक्यही त्याला तितकंच बेमालूम लपवतं. लबाडीला प्रयोगाची अडचण कधीच नसते.

आणि आज त्या तक्त्यात निमूट बसलेलं 'इज बीइंग बिल्ट' हे कर्मणी रूप? त्याचीही बदनामी झालीच. अठराव्या शतकात घर बांधलं जात असलं, तरी 'द हाऊस इज बिल्डिंग' म्हणत. 'इज बीइंग' त्या शतकाच्या उत्तरार्धात डोकावू लागलं. १७९५ सालच्या एका पत्रात कवी रॉबर्ट साउदी कुणाची तरी दाढ उपटली जात असल्याचं वर्णन करतो, ते याच नव्या रूपात. पुढे एकोणिसाव्या शतकभर व्याकरणपंडित त्याला बेढब म्हणून झोडपत राहिले. लोकांनी ऐकलं नाही. 'हॅज बीन बीइंग बिल्ट'पाशी मात्र इंग्रजांचीही जीभ अजून अडखळते. आपल्या पुस्तकांत तर तो रकाना सरळ रिकामाच ठेवतात.