दिंडीच्या ट्रॉलीसाठीं लहान जनरेटर

ज्येष्ठ वद्य सप्तमीस पैठणहून नाथमहाराजांची पालखी निघते व सुमारें अठरा दिवसांनीं पंढरपुरास पोहोंचते. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या या वाटेवर दिंडीबरोबर असतात. ट्रॉलीवर ताडपत्री ताणली कीं आंत शिधा, अंथरुणें, भांडीं आणि थकलेलीं म्हातारीं माणसें, असा एक चालता संसारच होतो. पाटोदा, खर्डा, परंडा या बाजूस शेतांत राहुट्या पडल्या म्हणजे उजेडाची सोय पुष्कळदां आपली आपण करावी लागते. आणि म्हणून दरवर्षीं या दिवसांत जनरेटर कोणता घ्यावा अशी विचारणा आम्हांकडे होते.

दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं कागदावर हिशेब मांडावा. समजा, दिंडींत ९ वॅटचे १२ दिवे आहेत. त्यांस १०८ वॅट लागतील. ५० वॅटच्या चार पंख्यांस २०० आणि भजनाच्या ध्वनिवर्धकास सुमारें १०० वॅट धरावे. राहिले मोबाईल. दहा वॅटचे ४० फोन एकाच वेळीं लावले तर ४०० वॅट खर्ची पडतात. एकूण ८०८ वॅट झाले. यांत दिव्यांपेक्षां फोनांचाच वांटा मोठा आहे, हें ध्यानांत घ्यावें. फोन वीस-वीस करून लावले तर काम ६०८ वॅटांत भागतें आणि लहान यंत्र पुरतें.

यंत्राच्या पाटीवर दोन आंकडे असतात: एक क्षणभर देतां येणाऱ्या शक्तीचा व दुसरा सतत देतां येणाऱ्या शक्तीचा. विक्रेता पहिला मोठ्यानें सांगतो. आपण दुसरा वाचावा. केव्हीए आणि किलोवॅट हेही एकच नव्हेत. पुष्कळ यंत्रांत केव्हीएच्या आंकड्यास ०.८ नें गुणिलें म्हणजे किलोवॅट निघतात. तरी पाटीवर वॅट स्पष्ट दिले असल्यास तेच प्रमाण मानावे. शिवाय उंचीबरोबर हवा विरळ होते आणि दर ३०० मीटरमागें इंजिनाची शक्ति शेंकडा तीन-साडेतीन कमी होते. छत्रपती संभाजीनगर सुमारें ५७० मीटर उंचीवर आहे, तेव्हां शेंकडा सहा-सात घट येथेंच झाली. एकंदरींत गरजेच्या सव्वापट शक्तीचें यंत्र घ्यावें, असें आमचें मत आहे.

टँकरचें पाणी चढविण्यास अर्ध्या अश्वशक्तीचा पंप लावण्याची हौस कित्येकांस असते. असा पंप चालतांना पांचशें-सहाशें वॅटच घेतो, पण सुरू होतांना तिप्पट किंवा त्याहूनही अधिक ओढतो. तेवढ्या एका क्षणासाठीं दुप्पट वजनाचें यंत्र बरोबर नेण्यापेक्षां टँकर उंचवट्यावर उभा करून नळानें पाणी घ्यावें हें बरें.

इंधनाविषयीं थोडक्यांत सांगतों. एके काळीं पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालविण्याचीं लहान यंत्रें खेड्यांत सर्रास दिसत. रॉकेल दुर्मिळ झाल्यानें त्यांचा विचार सोडावा. ट्रॅक्टरमुळें डिझेल जवळ असतें हें खरें, परंतु डिझेलचें लहान यंत्रही दोघांस उचलतां उचलतां घाम फोडतें. पेट्रोलवरील दोन केव्हीएचें इन्व्हर्टर पद्धतीचें यंत्र मात्र सुमारें २० किलो भरतें. भार कमी झाला कीं त्याचें इंजिन आपोआप मंद होतें. त्यामुळें पेट्रोल वांचतें, आवाज घटतो आणि वीज स्थिर असल्यानें फोन बिघडत नाहींत. किंमत अधिक पडते, पण ती आम्हांस वावगी वाटत नाहीं.

आतां जिवाची गोष्ट. मागें एका मुक्कामीं पावसाची झड आली, तेव्हां आमच्याच सोबत्यांनीं चालू यंत्र भिजूं नये म्हणून तें ट्रॉलींत ताडपत्रीखालीं ओढून घेतलें. अर्ध्या तासानें आंत निजलेल्या दोन मुलांचें डोकें दुखूं लागलें व एकास ओकारी झाली. कोणी म्हणे ऊन बाधलें, कोणी म्हणे शिळें अन्न. एका म्हाताऱ्यानें ताडपत्री फाडून मुलांस बाहेर काढलें म्हणून तीं वांचलीं. इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साईड या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांत शिरून प्राणवायूची जागा बळकावतो आणि निजलेला मनुष्य जागा होतच नाहीं. ट्रॉलीच्या फळ्या उघड्या असल्या किंवा खिडकी ठेविली तरी भागत नाहीं. यंत्र राहुटीपासून निदान वीस फूट दूर, वारा ज्या दिशेस जातो त्या अंगास ठेवावें, धुराचें तोंड माणसांकडे नसावें, आणि पावसासाठीं चारी बाजूंनीं मोकळें असें उंच छप्पर वेगळें उभारावें. याकरितां लांब व जाड तार खरेदीच्या वेळींच घ्यावी. ओल्या हातानें प्लग लावूं नये आणि इंजिन गरम असतां पेट्रोल ओतूं नये.

ज्यांस केवळ दिवेच लावावयाचे आहेत त्यांनीं जनरेटर घेऊंच नये. वर धरलेले १२ दिवे पांच तास जळले तरी ५४० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची एक चांगली बॅटरी तेवढी वीज निम्म्या क्षमतेंत देते. आषाढांत आभाळ भरलेलें असल्यानें सौर पाट्यांवर मात्र सर्वस्वीं विसंबूं नये. वाटेंतील एखाद्या गांवीं ती भरून घ्यावी.

वारीहून परतल्यावर टांकींतील पेट्रोल काढावें आणि कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत यंत्र चालवावें. हल्लींच्या पेट्रोलांत आपल्याच उसाचें इथेनॉल मिसळलेलें असतें. तें हवेंतील ओल शोषितें आणि पुढच्या ज्येष्ठांत यंत्र दोरी ओढून ओढूनही सुरू होत नाहीं.