शाळेपासून शंभर वार

आमचा व्यवसाय धान्याच्या घाऊक आडतीचा. बेळगावच्या रविवार पेठेत बसून चाळीसहून अधिक वर्षे आम्ही ज्वारी, गहू, तूर व हरभरा यांची उलाढाल केली. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. त्यामुळे वैद्यक किंवा शिक्षणशास्त्र या विषयांवर अधिकाराने लिहिण्याची आमची योग्यता नाही. तथापि स्मरणिकेसाठी लेख मागण्यास संपादक मंडळ आले, तेव्हा शाळकरी मुलांची व्यसने व ती रोखण्यासाठी शाळा आणि समाज यांनी एकत्र कसे यावे, हा विषय आम्ही आपण होऊन मागून घेतला. त्याचे कारण घरचेच आहे.

काही वर्षांपूर्वी आमचा नातू नववीत असताना जेवताना तिखट लागले की तोंडाची आग होते, अशी तक्रार करू लागला. प्रथम आम्ही ती हसण्यावारी नेली. पुढे घास घेताना तोंड पुरेसे उघडेना, तेव्हा दंतवैद्यांकडे नेले. त्यांनी तपासून मुलाला बाहेर बसविले आणि आम्हांस विचारले, "हा सुपारी-तंबाखू कधीपासून खातो?" आम्ही सात व्यसनांचा त्याग हा पाठ त्यास लहानपणी स्वतः शिकविला होता. त्या प्रश्नाने पायाखालची जमीन सरकली.

नंतर चौकशी केली. शिकवणीच्या वाटेवरील पानपट्टीवाल्यास ही गोष्ट दीड वर्षापासून ठाऊक होती. वर्गातील मित्रांस ठाऊक होती. वर्गशिक्षकांस संशय होता, परंतु मोठ्या घरचा मुलगा, सांगितले तर आपल्यावरच उलटेल, म्हणून ते गप्प राहिले. सर्वांत शेवटी कळले ते आईबापांस व आम्हांस. आणि पहिली पुडी कोठून मिळाली, असे विचारता नातवाने खाली मान घालून उत्तर दिले की, ती आमच्याच पेढीवरील खणातून घेतली होती. हमाल व गाडीवान यांच्यासाठी तंबाखूच्या पुड्या त्या खणात ठेवण्याचा रिवाज आमच्या वडिलांपासून चालत आला होता, व तो आम्ही कधी तपासून पाहिला नव्हता.

या प्रसंगाने आम्हांस एक गोष्ट शिकविली, व तीच या लेखात सांगावयाची आहे. मुलाचे व्यसन दुकानदारास प्रथम कळते, मग मित्रांस, मग शिक्षकांस आणि शेवटी घरास. ही खबर उलट्या पावली लवकर घरापर्यंत यावी, अशी वाट बांधणे हेच शाळा व समाज यांच्या सहकार्याचे खरे काम आहे. आणि त्या वाटेचे पहिले टोक आपणा व्यापाऱ्यांच्या हाती आहे.

तंबाखू आणि आपला मुलूख

आपल्या भागात तंबाखूविरुद्ध लिहिणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. आमचे आजोळ निपाणीचे. विडीच्या तंबाखूची ती नामांकित पेठ. शेतकरी, वखारवाले, दलाल आणि वखारीत तंबाखू चाळणाऱ्या हजारो स्त्रिया यांचा संसार त्या पिकावर चालला. 1981 साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीस महामार्ग अडवून धरला होता, ते दिवस अनेकांना आठवत असतील. वखारीतील स्त्रियांनीही त्याच सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्या साहाय्याने संघटना उभारून मजुरीसाठी लढा दिला. या पेठेच्या पैशातून शाळा, दवाखाने व धर्मशाळा उभ्या राहिल्या, हेही खरे.

परंतु पिकाचे उपकार मानावयाचे म्हणून ते मुलांच्या तोंडात जाऊ द्यावयाचे, असा त्याचा अर्थ होत नाही. घरातील वडीलधाऱ्या बायका सकाळी मिशरी लावतात, आजोबा चंची काढून मळतात, लग्नात विड्याच्या तबकात जर्दा असतोच. मग मुलास ती वस्तू परकी कशी वाटावी? 2019 साली देशभरातील 13 ते 15 वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. तीत शंभरात सुमारे साडेआठ मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरीत असल्याचे आढळले. त्याहून विचारात पाडणारी गोष्ट अशी की, खाण्याचा तंबाखू चाखून पाहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी तो वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच चाखला होता. म्हणजे आठवी-नववीत व्याख्यान ठेवणे हे पेरणी होऊन गेल्यावर बियाणे निवडण्यासारखे झाले. चौथी-पाचवीपासूनच आरंभ केला पाहिजे.

शरीरात काय घडते

तंबाखूतील निकोटिन हे द्रव्य गालाच्या व हिरड्यांच्या नाजूक त्वचेतून रक्तात शिरते व मेंदूस क्षणिक तरतरी देते. तरतरी ओसरली की मेंदू पुन्हा मागणी करतो. मनुष्याचा मेंदू विशीच्या पुढेही काही वर्षे घडत असतो. विशेषतः मोहास आवर घालणारा भाग सर्वांत शेवटी पक्व होतो. म्हणून चाळिशीच्या माणसापेक्षा चौदा वर्षांच्या मुलास सवय लवकर जडते व सुटण्यास अधिक कठीण जाते.

पुष्कळ आईबाप म्हणतात, "आमचा मुलगा नुसती सुपारी खातो, तंबाखू नव्हे." ही समजूत घातक आहे. नुसती सुपारीही कर्करोगास कारण होते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने काढलेला आहे. सतत सुपारी चघळल्याने गालाच्या आतील त्वचा ताठर होते, तिखट सोसत नाही, तोंड कमी कमी उघडू लागते. हा ताठरपणा एकदा आला की बहुधा पूर्णपणे जात नाही, व त्यातून पुढे कर्करोग उद्भवण्याचा धोका राहतो. सुगंधी सुपारीची पुडी ही पहिली पायरी होय. तिच्यामागून गुटखा, सिगारेट, बिअर आणि काही अभागी मुलांच्या बाबतीत गांजा, खोकल्याची गुंगी आणणारी औषधे किंवा पंक्चरचे सोल्यूशन हुंगणे येते. प्रत्येक मूल पुढच्या पायऱ्या चढतेच असे नाही. परंतु पुड्या देणारा हात आणि लपविण्याची सवय एकदा ओळखीची झाली की पुढचे सोपे होते.

कायदा काय म्हणतो

2003 च्या केंद्रीय कायद्यान्वये कोणत्याही शिक्षणसंस्थेपासून शंभर वारांच्या आत तंबाखूचा कोणताही पदार्थ विकण्यास मनाई आहे. हे अंतर संस्थेच्या कुंपणापासून सरळ रेषेत मोजावयाचे असते. वळणाच्या रस्त्याने मोजून पळवाट काढता येत नाही. त्याच कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री करण्यासही बंदी केली. कर्नाटक विधिमंडळाने 2024 साली दुरुस्ती संमत केली, 2025 साली तीस राष्ट्रपतींची मान्यता मिळाली, व आपल्या राज्यात हे वय एकवीस झाले. शिवाय 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलास मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'पोरगे वडिलांसाठी न्यायला आले होते' ही सबब दुकानदाराने यापुढे विसरावी, हे बरे.

आपल्या सीमाभागात मात्र आणखी एक अडचण आहे. गुटख्यावर महाराष्ट्राने 2012 साली व कर्नाटकाने 2013 साली बंदी घातली. तेव्हापासून पानमसाला एका पुडीत व तंबाखू दुसऱ्या पुडीत विकण्याची युक्ती निघाली. मुले दोन्ही एकत्र करून खातात. त्यात निपाणी गाव कर्नाटकात, तर गावाला लागूनच असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यात. एका बाजूस कारवाई झाली की टपरी दुसऱ्या बाजूस सरकते. शासनाची हद्द जेथे संपते तेथे समाजाची संपत नाही. आपले सभासद व सोयरे दोन्ही बाजूंस आहेत. म्हणून पोलिसांस जे अवघड, ते आपणांस शक्य आहे.

शाळेचा वाटा

केंद्र शासनाने 2019 साली तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थेसाठी कसोट्या ठरवून दिल्या. कुंपणापासून शंभर वारांवर पिवळी रेषा आखणे, आवारात फलक लावणे, विद्यार्थी व शिक्षकांतून देखरेख करणारे नेमणे, सहा महिन्यांतून निदान एक कार्यक्रम करणे, आणि आवारात पिचकाऱ्या व थोटके न आढळणे, या त्यांपैकी काही होत. 2020 पासून सरकारी व अनुदानित शाळांत दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना सुरू झाली, व व्यसनप्रतिबंध हा तिच्या अकरा विषयांपैकी एक आहे.

तथापि शिक्षकांचा अधिकार पिवळ्या रेषेपर्यंतच. शिवाय नुसत्या भीतिदायक व्याख्यानाचा फारसा उपयोग होत नाही. अमेरिकेत 1983 पासून पोलीस वर्गावर्गांत जाऊन व्यसनांविरुद्ध पाठ देत असत. पुढे अनेक संशोधकांनी तपासले, तेव्हा त्या पाठांचा टिकाऊ परिणाम नगण्य आढळला. याउलट आइसलँड या लहानशा देशाने 1990 नंतरच्या दशकात निराळा मार्ग धरला. दरवर्षी शाळांत पाहणी करून तिचे निष्कर्ष त्या त्या गावापुढे मांडले. पालकांनी एकत्र बसून मुलांनी रात्री किती वाजता घरी यावे याचे करार केले. खेळ, संगीत यांच्या वर्गांसाठी पालिकांनी पैसा दिला. 15-16 वर्षांच्या मुलांत महिन्याभरात एकदा तरी दारूने झिंगलेल्यांचे प्रमाण 1998 साली शंभरात 42 होते, ते 2016 साली 5 वर आले. एकट्या शाळेने हे साधले नसते.

आपणांसही ही रीत अगदी परकी नाही. 1899 साली निपाणीजवळील स्तवनिधी येथे स्थापन झालेल्या सभेने (आजची दक्षिण भारत जैन सभा) पुढे कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी येथे वसतिगृहे काढली. घर दूर असलेल्या मुलाची संध्याकाळ कोठे जाते, याची काळजी त्या पिढीने समाजाची मानली. आज मुलगा घरीच राहतो. पण त्याची संध्याकाळ शाळा, शिकवणी आणि नाका यांमध्ये कोणाच्याच नजरेत नसते.

आपण काय करावे

आमच्या अल्प अनुभवावरून सभासदांपुढे पुढील सूचना ठेवतो.

पहिली सूचना स्वतःच्या पेढीविषयी. खणातील पुड्या आम्ही बंद केल्या. हमाल बंधूंना वाईट वाटेल अशी धास्ती होती. त्याऐवजी दोन वेळचा चहा व गूळ-शेंगदाणे सुरू केले, तेव्हा कोणी तक्रार केली नाही. कोणत्याही मुलास, मग तो घरचा असो वा कामावरचा, तंबाखू आणण्यास धाडू नये.

दुसरी गाळ्यांविषयी. शाळांच्या आसपासचे कित्येक गाळे आपल्याच सभासदांच्या मालकीचे आहेत. भाडेचिठ्ठीत 'या जागेत तंबाखूजन्य पदार्थ विकले जाणार नाहीत' हे एक कलम घालण्यास पैसा लागत नाही.

तिसरी उधारीविषयी. लहान दुकानदार आपल्याकडून माल उधार नेतात, व घाऊक व्यापाऱ्याचा शब्द त्यांस हुकमापेक्षा जड असतो. परंतु गरिबाच्या पोटावर पाय न देता हे झाले पाहिजे. पुड्यांची माळ उतरविणाऱ्यास राजगिरा लाडू, चिक्की, वह्या-पेन असा माल एक-दोन महिने सवलतीच्या उधारीवर द्यावा. आम्ही अशा तीन दुकानांशी बोललो. दोघांनी ऐकले, तिसऱ्याने ऐकले नाही, त्याचे दार आम्ही अजून सोडलेले नाही.

चौथी बैठकीविषयी. प्रत्येक शाळेच्या दोन शिक्षकांसह दोन पालक, एक व्यापारी व एक डॉक्टर यांनी तीन महिन्यांतून एकदा बसावे. शिक्षकास संशय आला तर त्याने कोणास सांगावे, आणि सांगितल्याबद्दल त्यास त्रास होणार नाही याची हमी कोणी घ्यावी, हे तेथे ठरवून ठेवावे. मोठ्या घरच्या भयाने आमच्या नातवाचे दीड वर्ष गेले, हे आम्ही विसरू शकत नाही.

पाचवी व सर्वांत महत्त्वाची, मुलगा सापडल्यावर काय करावे याविषयी. मारझोड, शाळेतून नाव काढणे, चारचौघांत अपमान, यांनी मुलगा व्यसन सोडीत नाही. लपविण्यात तरबेज होतो. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण केंद्र काढले, तेव्हापासून तेथे व्यसनी माणसास अपराधी न मानता आजारी मानण्याची रीत आहे. तीच आपण घरात पाळावी. प्रथम ऐकून घ्यावे, मग दंतवैद्य व समुपदेशक यांच्याकडे न्यावे. शासनाच्या 14446 या दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. नियम अवश्य द्यावा. पण नियम मोडला तर मुलास पुन्हा आपल्याकडे येता यावे, एवढे दार उघडे ठेवावे.

आमच्या नातवाने पुडी सोडली, परीक्षेच्या धास्तीने एकदा पुन्हा धरली, आणि स्वतः येऊन सांगितल्यावर पुन्हा सोडली. त्याने येऊन सांगितले, हीच आम्ही मोठी कमाई समजतो. आज तो महाविद्यालयात आहे. त्याचे तोंड पूर्वीइतके उघडत नाही, व दर सहा महिन्यांनी तपासणीस जावे लागते. हा मजकूर त्यास वाचून दाखविला व त्याच्या संमतीनेच छापण्यास दिला आहे.

वाचकहो, आपण वर्षअखेरीस खतावणी तपासतो. येणे किती, देणे किती पाहतो. यंदा शाळेच्या दारापासून शंभर वार चालून पाहावे, व त्या अंतरात आपला गाळा, आपला माल किंवा आपली उधारी कोठे आहे, हे मोजावे. तेवढे झाले तरी आमच्या लेखणीचे सार्थक झाले असे आम्ही मानू. न्यून असेल ते सभासदांनी पदरी घ्यावे, ही नम्र विनंती.