विश्लेषण : ‘एम.ए. क्लिनिकल’ केले म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येते का?

मानसशास्त्रात पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांसमोर सध्या ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ या नावाच्या अभ्यासक्रमांच्या जाहिरातींची रेलचेल आहे. दोन वर्षे आणि लाखभर किंवा त्याहून अधिक शुल्क खर्च केल्यावर अनेकांच्या लक्षात येते की, रुग्णालयाच्या भरतीत पदवी नव्हे, तर नोंदणी क्रमांक मागितला जातो. त्यातच या क्षेत्राचा मुख्य दरवाजा मानली जाणारी एम.फिल. पदवी बंद होत असल्याने गोंधळ वाढला आहे.

कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये याची व्याख्या आहे. भारतीय पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेल्या संस्थेतून क्लिनिकल सायकॉलॉजीतील मान्यताप्राप्त पात्रता मिळवणारी व्यक्ती या व्याख्येत बसते. मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ, देखरेखीखालील प्रशिक्षण असलेले मान्यताप्राप्त एम.फिल. केलेली व्यक्तीही त्यात येते. आरसीआयच्या १९९२ च्या कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा पुनर्वसन व्यावसायिकांचा एक प्रवर्ग आहे. या व्यावसायिकांची नोंद केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत होते. नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद कायद्यात आहे. नोंदणीनंतरही निरंतर शिक्षणाचे गुण जमवून ती वेळोवेळी नूतनीकृत करावी लागते.

म्हणजेच पदवीच्या नावातील ‘क्लिनिकल’ हा शब्द पुरेसा नाही. विद्यापीठ मान्यताप्राप्त असले, तरी त्या अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता असेलच असे नाही.

एम.फिल.च्या प्रवेशाचे निकष काय?

मानसशास्त्रातील एम.ए. किंवा एम.एस्सी. आणि किमान ५५ टक्के गुण ही आरसीआयच्या अभ्यासक्रमातील मूळ अट. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी ती ५० टक्के. मात्र गुण ही केवळ पात्रता. त्यापुढे प्रवेश परीक्षा आणि मुलाखत. बंगळूरुची निमहान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था, दिल्लीची इहबास अशा नावाजलेल्या संस्थांत जागा मोजक्या आणि अर्जदार खूप. त्यामुळे पहिल्या प्रयत्नात प्रवेश न मिळणे ही नेहमीची गोष्ट आहे.

प्रवेश मिळाल्यावर पुढच्या वर्षात कसे जाता येते?

इथेच नेहमीच्या एम.ए.पेक्षा मोठा फरक दिसतो. आरसीआयच्या एम.फिल. अभ्यासक्रमात परीक्षेला बसण्यासाठी किमान ८० टक्के उपस्थिती लागते. पहिल्या वर्षी मानसविकृतीचा मनोसामाजिक पाया, मनोविकारशास्त्र आणि संख्याशास्त्र व संशोधन पद्धती हे विषय असतात. मानसशास्त्रीय चाचण्यांची प्रात्यक्षिक परीक्षा होते आणि प्रत्यक्ष रुग्णांच्या तपासणीवर आधारित निदान अहवाल सादर करावे लागतात. दुसऱ्या वर्षी वर्तनाचा जैविक पाया, मानसोपचार व समुपदेशन आणि वर्तनवैद्यक हे विषय, उपचारांच्या नोंदी आणि प्रबंध. लेखी, प्रात्यक्षिक, अहवाल या प्रत्येकात किमान ५० टक्के गुण हवेत. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळाले, पण प्रात्यक्षिकात कमी पडले, तर उत्तीर्ण होता येत नाही. कारण हे प्रशिक्षण वाचून नव्हे, तर वॉर्डात आणि बाह्यरुग्ण विभागात अनुभवी मार्गदर्शकासमोर काम करून पूर्ण होते.

एम.फिल. बंद झाल्याने काय बदलले?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये एम.फिल. बंद करण्याचे ठरले. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत त्याची अंमलबजावणी केली. मात्र रुग्णालयांना लागणारे मनुष्यबळ लक्षात घेऊन क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल.ना जानेवारी २०२४ मध्ये अपवाद करण्यात आला आणि २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुभा मिळाली. एम.फिल.ला पर्याय म्हणून आरसीआयने एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि साय.डी. असे व्यावसायिक अभ्यासक्रम पुढे आणले. त्यामुळे आज एकाच नावाच्या दोन पदव्या बाजारात आहेत. एकीमागे आरसीआयची मान्यता आहे, दुसरी केवळ विद्यापीठाची आहे. गुणपत्रिकेवर दोन्ही सारख्याच दिसतात.

मग साध्या एम.ए.चा उपयोग नाही का?

नक्कीच आहे. शालेय समुपदेशन, मनुष्यबळ विकास, संशोधन, अध्यापन, स्वयंसेवी संस्था यांत ही पदवी उपयोगी पडते. इतर मानसशास्त्रज्ञांचा समावेश संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्यात झाला आहे. याच कायद्याचा आधार घेत अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राचे अभ्यासक्रम चालवण्यास मनाई केली. नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. करू पाहणाऱ्या अनेकांचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

प्रवेशाचे शुल्क भरण्यापूर्वी काय पाहावे?

आरसीआयची मान्यता संस्थेला सरसकट नसते. ती विशिष्ट अभ्यासक्रमाला, ठरावीक जागांसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी असते. म्हणून परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत संस्थेचे आणि अभ्यासक्रमाचे नाव स्वतः शोधावे. आपल्या प्रवेशवर्षासाठी मान्यता लागू आहे का, हे पाहावे. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ या उत्तरावर पैसे भरू नयेत. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर कोणत्या प्रवर्गात नोंदणी होईल, हे संस्थेकडून लेखी घ्यावे. प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार, हेही विचारावे.

हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांच्या पैशांचा नाही. नैराश्य, स्किझोफ्रेनिया किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीची चाचणी कोण करतो, यावर तिचे निदान, उपचार आणि काही वेळा अपंगत्वाचे प्रमाणपत्रही अवलंबून असते. त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारण्याचा हक्क रुग्णाच्या कुटुंबालाही आहे. तो विचारला, तर खऱ्या व्यावसायिकाला राग येण्याचे कारण नाही.