क्राफ्ट बिअरचा मालक बदलला की चव बिघडते?

बिअरच्या शौकिनांत ‘गूज आयलंड’चं नाव निघालं की हमखास दोन तट पडतात. एकाला ती विकली गेलेली वाटते, दुसऱ्याला फक्त ग्लासातल्या चवीशी मतलब.

जॉन हॉल यांनी १९८८ मध्ये शिकागोत सुरू केलेली ही ब्रुअरी २०११ मध्ये ॲनहॉयझर-बुश इनबेव्हने सुमारे ३.९ कोटी डॉलरला घेतली. नंतर तिच्या काही बिअर कंपनीच्या मोठ्या कारखान्यांत बनू लागल्या. बर्बनच्या पिंपांत मुरणाऱ्या ‘बर्बन काउंटी स्टाउट’साठी मात्र रांगा लागतच राहिल्या.

मोठ्या कंपनीकडे प्रयोगशाळा असतात, त्यामुळे प्रत्येक खेपेची चव सारखी राखणं तिला सोपं जातं. हे मान्य करायला हवं.

आक्षेपाला जोर येतो तो वितरणात. दुकानातले कप्पे आणि बारमधले नळ मोजकेच असतात. त्यांवर एकाच मालकाचे अनेक ‘छोटे’ ब्रँड बसले, की स्वतंत्र ब्रुअरीला जागा उरत नाही.

पैसा दरवेळी जिंकतोच असंही नाही. कॉन्स्टेलेशन या मोठ्या मद्यकंपनीने २०१५ मध्ये १०० कोटी डॉलर मोजून ‘बॅलास्ट पॉइंट’ घेतली आणि चार वर्षांत एका छोट्या ब्रुअरीला विकून टाकली. सॅन फ्रान्सिस्कोची ‘अँकर’ २०१७ मध्ये सापोरो या मोठ्या बिअर कंपनीकडे गेली. २०२३ मध्ये तिला टाळं लागलं.

अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येत क्राफ्ट ब्रुअरीत बाहेरच्या मद्यकंपनीचा वाटा २५ टक्क्यांहून कमी लागतो. स्वतंत्र ब्रुअरींच्या बाटलीवर २०१७ पासून उलट्या बाटलीचं चिन्ह दिसतं. त्यावरून मालकी कळते, चव नाही.

म्हणून दोन्ही प्रश्न वेगळे ठेवा.