रात्रीची आग आणि घरातील वडीलधारी

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ रोजी, रमजानच्या महिन्यात, पहाटे एका कपड्यांच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण दगावले. त्यांत दोन लहान मुले होती. ज्वाळा वरच्या मजल्यापर्यंत पोहोचल्या नव्हत्या, धुराने गुदमरून मृत्यू झाले, असे पोलिसांनी प्राथमिक तपासाच्या आधारे सांगितले. अल्लाह मरहूमांची मगफिरत करो.

खाली दुकान, वर घर आणि मधे एकच अरुंद जिना, अशी घरे आपल्या जुन्या मोहल्ल्यांत कितीतरी आहेत. तिथे धूर जिन्यातूनच वर चढतो, म्हणजे बाहेर पडायची वाटच आधी बंद होते. तरुण माणूस धावत गच्ची गाठेल. पण ज्यांना कमी ऐकू येते, गुडघे साथ देत नाहीत किंवा जे झोपेची गोळी घेतात, त्यांचे काय? ऐनवेळी ‘दादीजानला कोण आणतंय?’ असे विचारायला वेळ नसतो. हे आधीच ठरलेले हवे.

घरातील एकाला ही जबाबदारी नेमून द्या. तो बाहेरगावी असेल तेव्हा दुसऱ्याला. शक्य असल्यास वडीलधाऱ्यांची झोपायची जागा खालच्या मजल्यावर, दाराजवळ करा. उशाशी बॅटरी, चष्मा, काठी, चप्पल आणि एक पिशवी ठेवा. पिशवीत आठवडाभराची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्डाची प्रत आणि ओढणी किंवा बुरखा असावा. पडद्याच्या विचाराने किंवा कागदपत्रांसाठी म्हाताऱ्या बायका थांबून राहतात. सगळे हाताशी असेल तर त्या लगेच निघतील. चालता येत नसेल तर मजबूत खुर्चीत बसवून दोघांनी उचलावे.

जिना धुराने भरला असेल तर त्यात शिरू नका. रस्त्याकडे खिडकी असलेल्या खोलीत जा, दार लावा, फटीत ओले कापड कोंबा, खाली वाकून राहा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. ग्रिलच्या कुलपाची चावी ठरलेल्या खिळ्यावरच असू द्या. इलेक्ट्रिक गाडी रात्री जिन्याखाली चार्जिंगला लावू नका. झोपण्यापूर्वी घरातील आग विझवावी, ही ताकीद हदीसमध्येही आहे.

मुले पुण्यात किंवा आखातात आणि अम्मी-अब्बा इथे एकटे असतील, तर एक चावी भरवशाच्या शेजाऱ्याकडे द्या. येत्या जुम्याला सगळे घरी असताना वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन एकदा खाली उतरून पाहा. कुठे अडते, ते तेव्हाच कळेल.