गादी ओली करणारं मूल आळशी नसतं

पाच-सहा वर्षांचं मूल रात्री अंथरुणात शू करतं म्हणजे त्याला वळण लागलेलं नाही, ही समजूत आपल्या घरांत पक्की मुरलेली आहे, आणि बहुतेक घरगुती उपाय तिच्यावरच उभे असतात. संध्याकाळनंतर पाणी बंद करायचं, बारा वाजता झोपेतच उचलून मोरीवर न्यायचं, सकाळी ओली गोधडी चारचौघांदेखत वाळत घालायची, आणि एवढ्यानंही भागलं नाही तर 'थांब, शाळेत बाईंना सांगते' म्हणून धाक घालायचा. मुलानं मनावर घेतलं तर हे थांबेल, असं त्यामागे गृहीत धरलेलं असतं. ते चूक आहे. दिवसा शू लागल्याचं सांगणं मूल शिकतं. रात्र कोरडी जाणं मात्र शिकवून येत नाही, त्यासाठी शरीराची तेवढी वाढ व्हावी लागते. ती कोणाची तिसऱ्या वर्षी होते, कोणाची आठव्या.

म्हणूनच पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं अंथरूण ओलं होत असेल, तर डॉक्टर त्याला दुखणं मानतच नाहीत. पाचव्या वर्षी साधारण 15 टक्के मुलं रात्री गादी ओली करतात, सातव्या वर्षी 5 ते 10 टक्के. पहिलीच्या चाळीस जणांच्या वर्गात अशी चारेक मुलं सहज असतात, पण घराबाहेर कोणी बोलत नाही आणि प्रत्येक आईला वाटतं की आपलंच मूल असं. मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण जास्त आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे 44 टक्के आणि दोघांना असेल तर 77 टक्के, असं एका जुन्या आणि आजही आधार मानल्या जाणाऱ्या अभ्यासात दिसलं. जे रक्तातून आलं, त्याबद्दल मुलाला रागावण्यात काय न्याय आहे?

रात्री नेमकं काय घडतं ते पाहिलं, की आळशीपणाचा आरोप टिकत नाही. झोपेत मेंदूकडून व्हासोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं आणि मूत्रपिंडं लघवी कमी बनवतात. काही मुलांत ही रात्रीची वाढ अजून पुरेशी होत नसते, त्यामुळे लघवी दिवसासारखीच तयार होत राहते. काहींचं मूत्राशय लहान पडतं किंवा भरण्याआधीच आकुंचन पावतं. मुलाच्या वयात एक मिळवून तीसनं गुणलं की त्या वयाला मूत्राशयात साधारण किती मिलिलीटर मावायला हवं ते कळतं, म्हणजे सात वर्षांच्या मुलासाठी 240. आणि या दोन्हींच्या जोडीला, भरलेल्या मूत्राशयाचा निरोप पोचूनही मूल जागं होत नाही. 'आमचा ढाराढूर झोपतो' असं घरचे म्हणतात, तेही अर्धंच खरं आहे. अशा मुलांना उठवणं खरोखर अवघड असतं, पण त्यांची झोप मोजून पाहिली तेव्हा ती इतरांपेक्षा हलकी आणि तुटक असल्याचं काही अभ्यासांत आढळलं. मूत्राशय झोपेला सारखं टोचत असतं, फक्त पूर्ण जाग येत नाही. तेव्हा ते पोर सुखानं लोळत पडलेलं नसतं.

आता पाण्याचं. झोपण्याआधीच्या तासा-दोन तासांत पेलेच्या पेले रिचवू नयेत, एवढं बरोबर आहे. पण दिवसभराचं पाणी तोडणं उलट अंगावर येतं. कित्येक मुलांची पाण्याची बाटली शाळेतून जवळजवळ भरलेलीच परत येते. शाळेचं स्वच्छतागृह घाण असतं, किंवा बाई तासाला सोडत नाहीत, म्हणून मूल पाणीच पीत नाही आणि शू दाबून ठेवतं. घरी आलं की तहान एकदम उसळते आणि दिवसाचं पाणी संध्याकाळी पोटात जातं. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेनं 2010 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसभरात एक ते दीड लिटरच्या आसपास पेय हवं. आपल्या उन्हाळ्यात त्याहून थोडं जास्तच. ते सकाळपासून विभागून प्यावं, दिवसात चार ते सात वेळा शू करावी आणि झोपताना एकदा जाऊन यावं. चहा-कोला रात्री नकोच.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट बद्धकोष्ठता. मूत्राशयाच्या अगदी मागे मलाशय असतं. तिथे खडा साठून राहिला की मूत्राशयाला फुगायला जागा उरत नाही. मूल रोज शीला जातं एवढ्यावरून पोट साफ आहे असं धरू नये. शी कडक येते का, कुंथावं लागतं का, चड्डीला डाग पडतात का, हे पाहावं. बद्धकोष्ठतेवर नेटानं उपचार केल्यावर अंथरूण ओलं होणंही थांबलं, अशी बरीच मुलं अभ्यासांत नोंदली गेली आहेत. रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी असं दिवसाच्या ताटात सापडतं.

यावर कोणी म्हणेल, आम्ही तर रोज बाराला उठवत होतो आणि वर्षाच्या आत थांबलं की! थांबलं असेल. पण काहीही उपाय न करता दरवर्षी अशा मुलांपैकी सुमारे 15 टक्के आपोआप कोरडी होतात, आणि श्रेय मात्र त्या वेळी चाललेल्या उपायाला मिळतं, मग तो तीळगूळ असो, अंगारा असो की मार. अर्धवट झोपेत उचलून शू करवल्यानं त्या रात्रीची गादी वाचते, प्रवासात किंवा पाहुणे असताना तेवढंही पुष्कळ. पण मूत्राशय भरल्यावर जागं व्हायला मूल त्यातून शिकत नाही, कारण ती वेळ आईवडिलांच्या घड्याळाची असते. डायपर घातल्यानं सवय बिघडते, ही भीतीही बहुतांशी फोल आहे. चारसहा रात्री काढून पाहावा आणि फरक नसेल तर पुन्हा घालावा.

मग शिकवता येत नाही म्हणून नुसतं वाट पाहत बसायचं का? नाही. सहाव्या-सातव्या वर्षानंतर मुलाला स्वतःला त्रास वाटू लागला, मुक्कामाची सहल टाळावीशी वाटू लागली, की उपचार घ्यावेत. चड्डीला ओल लागताच वाजणारा अलार्म 1938 पासून अभ्यासला गेला आहे. तो मूत्राशयाच्या वेळेला वाजतो, म्हणून मेंदू हळूहळू तो इशारा ओळखू लागतो. मग ही सवयच नव्हे का, असा प्रश्न कोणी विचारील. पण इथे झोपलेल्या मेंदूची जुळणी होते, मुलाच्या इच्छाशक्तीचा संबंध नाही. वापरणाऱ्यांपैकी साधारण दोनतृतीयांश मुलं कोरडी होतात, मात्र दोन-तीन महिने चिकाटी लागते आणि पहिले काही आठवडे मोठ्यांनीच उठून मुलाला जागं करावं लागतं. डेस्मोप्रेसिनच्या गोळीनं फरक लवकर दिसतो, पण ती सोडल्यावर त्रास बहुधा परततो. ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानंच द्यावी. ती घेण्याआधी तासभर आणि घेतल्यावर आठ तास पाणी अगदी मोजकं असावं लागतं, नाहीतर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं.

शिक्षेनं मात्र काही साधत नाही. बक्षीस द्यायचं तर मुलाच्या हातात असलेल्या गोष्टींसाठी द्या. पाणी वेळेवर प्यालं, झोपताना शू करून आलं, चादर बदलायला मदत केली, यासाठी. कोरड्या रात्रीसाठी बक्षीस ठेवलं तर ओली रात्र आपोआप शिक्षा ठरते. गादीवर मेणकापड, उशाशी कोरडे कपडे, आणि सकाळी त्यावर चर्चा नाही, एवढं पुरे.

दिवसाही शू गळत असेल, धार बारीक असेल, जळजळ होत असेल किंवा मूल रोज घोरत असेल, तर वयाची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि सहा महिने किंवा जास्त काळ कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, सारखी तहान लागू लागली, वजन उतरू लागलं, तर तो मधुमेह असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तातली साखर तपासून घ्या.